भाताची करंडी आणि परका मुलूख

मराठींत मनुष्याला घराची आठवण 'येते'. ती कोठून तरी निघते आणि मनुष्य असेल तेथें येऊन त्याला गांठते. आग्नेय आशियांतील लाओस देशाच्या भाषेंत हाच व्यवहार उलट दिशेनें चालतो. दूरच्या माणसासाठीं जीव तळमळूं लागला म्हणजे तेथें 'खित हॉत' असें म्हणतात. 'खित' म्हणजे विचार करणें आणि 'हॉत' म्हणजे पोंचणें. मनुष्य परमुलखांतच राहतो. त्याचा विचार मात्र डोंगर आणि समुद्र ओलांडून घरीं जाऊन पोंचतो. आतां हा विचार घरीं पोंचल्यावर नेमका कोठें जाऊन बसतो, असें एखाद्या लाओ माणसाला विचारलें, तर तो बहुधा भाताच्या करंडीकडे बोट दाखवील. परमुलखांत राहणाऱ्या लाओ माणसाला आपल्या जेवणाची आणि जेवणाभोंवतीं बसणाऱ्या माणसांची जी ओढ लागते, तिचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

घरच्या जेवणासाठीं हळहळणें म्हणजे जिभेचे चोचले, असें कित्येक गंभीर वृत्तीच्या माणसांना वाटतें. पोट काय कोठल्याहि अन्नानें भरतें, असें त्यांचें म्हणणें असतें. आणि तें खोटें नाहीं. परंतु पोट भरणें आणि जेवणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याला हा भेद समजून घ्यावयाचा असेल, त्यानें लाओ लोकांची रीत अवश्य पाहावी. कारण तेथें एकट्यानें जेवावयाचें म्हटलें तर जेवणाची मांडणीच मोडते.

लाओस हा समुद्रकिनारा नसलेला देश आहे. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड आणि म्यानमार या पांच देशांनीं तो वेढलेला आहे. मेकाँग नदी त्याच्या पश्चिम अंगानें वाहते, आणि बऱ्याच लांबीपर्यंत तीच थायलंडबरोबरची सरहद्द आहे. लाओ भाषेंत नदीला 'मे नाम' म्हणजे पाण्याची आई म्हणतात. देशाची लोकसंख्या आज सुमारें ७५ लक्ष आहे. तींत पुष्कळ निरनिराळ्या जमाती आहेत, व त्या सर्वांचा आहार एकसारखा नाहीं. परंतु नदीकांठच्या सखल प्रदेशांत राहणाऱ्या आणि देशाला ज्यांच्यावरून नांव पडलें त्या लाओ लोकांचें मुख्य अन्न एकच, तें म्हणजे चिकट तांदळाचा भात. त्याला ते 'खाव निआव' म्हणतात, आणि स्वतःला मोठ्या अभिमानानें 'चिकट भाताचीं लेंकरें' म्हणवून घेतात. माणशीं इतका चिकट भात जगांतील दुसऱ्या कोणत्याहि देशांत खाल्ला जात नाहीं.

हा भात आपल्या आंबेमोहोराच्या मऊ भातासारखा नव्हे. तांदळाच्या पिठूळ अंशांत दोन द्रव्यें असतात. एक अमायलोज व दुसरें अमायलोपेक्टिन. पहिलें पुरेसें असलें म्हणजे भात मोकळा होतो. लाओ तांदळांत पहिलें जवळजवळ नसतेंच, म्हणून त्याचीं शितें एकमेकांस धरून बसतात. हा तांदूळ पाण्यांत शिजवीत नाहींत. रात्रीं तो भिजत घालावयाचा, पहांटे निथळून बांबूच्या निमुळत्या टोपलींत भरावयाचा आणि ती टोपली अरुंद गळ्याच्या उंच भांड्यावर बसवून खालच्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर अर्धा तास ठेवावयाची. मध्यें एकदां टोपलीला हिसका देऊन आंतला सबंध गोळा उलटा करतात, कारण वरचा थर खालीं गेल्यावांचून भात सारखा वाफत नाहीं. हा हिसका साधणें हें लाओ घरांतील मुलीच्या शहाणपणाचें एक गमक समजलें जाई. वाफलेला भात लांकडी पाटावर पसरून उलथण्यानें परततात, म्हणजे जादा वाफ निघून जाते. मग तो झांकणाच्या विणलेल्या करंडींत भरतात. या करंडीला 'तिप खाव' म्हणतात. तींत भात दिवसभर मऊ राहतो. शेतावर जाणारा शेतकरी ती खांद्याला अडकवून नेतो. त्याला ताट लागत नाहीं, चमचा लागत नाहीं, आणि मुठींतला भात सांडतहि नाहीं.

भाताचें महत्त्व त्या लोकांच्या बोलण्यांत किती भरलें आहे पाहावें. जेवणें याला लाओ भाषेंत 'किन खाव', म्हणजे 'भात खाणें' असेंच म्हणतात. दारीं आलेल्या माणसाला 'किन खाव लॅओ बॉ?', 'भात खाऊन झाला का?' असें विचारतात, आणि हा प्रश्न नुसता क्षेमकुशलाचा नसतो. 'नाहीं' असें उत्तर आलें तर त्या माणसाला चटईवर बसावेंच लागतें. फ्रेंचांनीं १८९३ साली या मुलखावर आपलें संरक्षण बसविलें आणि त्यांच्याबरोबर लांबट पाव आला. लाओ लोकांनीं त्या पावालाहि 'खाव ची', म्हणजे 'भाजलेला भात' असेंच नांव दिलें. फ्रेंच राज्य १९५३ साली गेलें, पाव राहिला; पण तोहि भाताच्याच कुळांत दाखल होऊन राहिला.

आतां पंगतीकडे वळूं. लाओ घरांत जेवणासाठीं वेताचा किंवा बांबूचा एक वाटोळा, ठेंगणा चौरंग असतो. त्याला 'फा खाव' म्हणतात. सर्व मंडळी जमिनीवर चटई घालून त्याच्या भोंवतीं बसतात. आपल्याकडे प्रत्येकाचें पान वेगळें मांडलेलें असतें, आणि पानांत वाढलेलें तें ज्याचें त्याचें असतें. तेथें वेगळें पान नाहीं. चौरंगावर मध्यें भाजलेली मासळी, भाज्यांची रास, चटणीची वाटी, कालवणाचें भांडें, आणि बाजूला भाताच्या एकदोन करंड्या. प्रत्येकानें करंडींत हात घालून मूठभर भात घ्यावा, बोटांनीं दाबून त्याची लहानशी गोळी करावी, ती मधल्या वाटींत बुडवावी आणि तोंडांत टाकावी. कालवणाचा चमचा तेवढा लागतो. भांडें सर्वांचें, वाटी सर्वांची, आणि करंडीहि सर्वांची.

सर्वांचें असलें म्हणजे गोंधळ असेल, असें कोणी समजूं नये. तेथें मोठी सूक्ष्म शिस्त आहे. पहिला घांस घरांतील वडील माणसानें घ्यावयाचा. मग वयाप्रमाणें इतरांनीं. वडिलांचा हात वाटीकडे जात असतां लहानानें आपला हात पुढें करूं नये. चांगला तुकडा दिसला म्हणून दुसऱ्याच्या पुढून ओढूं नये. उलट, आईनें मासळीचें मऊ मांस कांट्यांतून सोडवून मुलाच्या बाजूला सारावें, मुलीनें आजीच्या हाताशीं करंडी सरकवावी. जेवण संपलें म्हणजे करंडीचें झांकण लावलेंच पाहिजे. तें उघडें टाकणें अशुभ मानतात. मुलाला मर्यादा म्हणजे काय हें कोणी शिकवावयास बसत नाहीं. दिवसांतून दोनतीन वेळां त्या चौरंगाभोंवतीं बसून तें तीं आपोआप शिकतात. म्हणून लाओ माणूस जेव्हां म्हणतो कीं, 'घरच्या जेवणाची आठवण होते,' तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें पदार्थ असतातच, पण त्या पदार्थांकडे वळलेले हातहि असतात.

पदार्थांविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. रोजच्या जेवणांत प्रमुख म्हणजे 'चेओ', म्हणजे चटणी. मिरच्या, लसूण, कांदे, टोमॅटो किंवा वांगीं निखाऱ्यावर भाजून तीं उखळींत कुटावयाचीं. कच्च्या पपईचा कीस मिरची, लिंबू व मासळीचा रस घालून कुटतात. त्याला 'ताम माक हुंग' म्हणतात. बांबूच्या कोंवळ्या कोंबांचें कालवण असतें. मासळी केळीच्या पानांत मसाल्यासह बांधून वाफवितात; त्या पुडीला 'मोक' म्हणतात. उत्तरेकडील लुआंग प्रबांग या जुन्या राजधानींत नदींतील शेवाळ पातळ थापून, त्यावर तीळ पसरून वाळवितात व तळून खातात.

लाओ स्वयंपाकांत शेपूला मोठा मान आहे. मासळीच्या कालवणांत तो मुबलक पडतो. शेजारचे थाई लोक शेपूला 'लाओ कोथिंबीर' अशाच अर्थाच्या नांवानें ओळखतात. ज्या महाराष्ट्रीय घरांत शेपूच्या उग्र वासावरून दोन तट पडतात, त्यांना या भाजीचा असा सन्मान ऐकून कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाहीं. तसाच आणखी एक ओळखीचा धागा 'लाप' या पदार्थांत आहे. मांसाचा किंवा मासळीचा खिमा, पुदिना, लिंबाचा रस आणि भाजलेल्या चिकट तांदळाची भरड यांचा हा पदार्थ लग्नांत आणि एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या नववर्षाच्या सणांत हटकून होतो. लाओ भाषेंत भाग्य या अर्थाचा शब्दहि 'लाप' असाच उच्चारला जातो. आणि तो भाग्यवाचक शब्द म्हणजे आपल्या वह्यांच्या पहिल्या पानावरचा 'लाभ' होय. नांवांच्या या सारखेपणामुळें मंगल प्रसंगीं लाप वाढणें म्हणजे पाहुण्याच्या पदरांत भाग्य घालणें, असें तेथें समजतात.

परंतु या सर्वांच्या मुळाशीं जो पदार्थ आहे त्याचें नांव 'पादेक'. समुद्र दूर असल्यामुळें नदीची आणि भातखाचरांतील मासळी मीठ व तांदळाचा कोंडा लावून रांजणांत मुरवितात. सहा महिने, वर्ष, कधीं त्याहून अधिक काळ ती मुरते. तिचा वास असा प्रखर असतो कीं, रांजण घरांत न ठेवतां बाहेर ओट्यावर ठेवतात. ज्याला संवय नाहीं तो नाक धरील. ज्याला आहे त्याला त्यावांचून कालवण अळणी लागेल. कोंकणांत सुकटीचा वास ज्याच्या बाळपणांत आहे त्याला हें समजावून सांगावें लागणार नाहीं. वासाची वार्ता मेंदूंत जेथें पोंचते, तेथून भावना आणि स्मृति यांचीं केंद्रें अगदीं जवळ आहेत, असें शरीरशास्त्र सांगतें. लाओ माणसाला तें पादेकच्या रांजणानें फार पूर्वींच सांगितलें होतें.

असें हें जेवण ज्या लोकांचें, त्यांच्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मोठा अनर्थ कोसळला. व्हिएतनामच्या युद्धाची झळ लाओसला लागली. १९६४ पासून १९७३ पर्यंत अमेरिकेच्या विमानांनीं या लहानशा देशावर वीस लक्ष टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतील न फुटलेले लहान गोळे आजहि शेतांत सांपडतात आणि नांगर धरणाऱ्याचा जीव घेतात. २ डिसेंबर १९७५ या दिवशीं राजसत्ता संपून साम्यवादी लोकसत्ताक राज्याची घोषणा झाली. त्या सुमारास आणि पुढील कांहीं वर्षांत तीन लक्षांहून अधिक लोकांनीं देश सोडला. त्या वेळची लोकसंख्या तीस लक्षांच्या आसपास होती. म्हणजे दर दहांतील एक माणूस गेला. पुष्कळांनीं रात्रीच्या अंधारांत मेकाँग ओलांडली, कोणी होडींतून, कोणी पोहून. सगळेच पलीकडच्या तीरास लागले नाहींत. जे लागले ते थायलंडांतील नोंग खायसारख्या ठिकाणच्या छावण्यांत राहिले, आणि तेथून अमेरिका, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत विखुरले. अशा प्रवासांत बरोबर काय नेणार? नेसत्या वस्त्रानिशीं निघालेल्या माणसाला पादेकचा रांजण नेतां येत नाहीं.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत पुष्कळ लाओ कुटुंबें स्थायिक झालीं. तेथें हिंवाळ्यांत पारा शून्याच्या खालीं कित्येक अंश उतरतो. नव्या मुलखांत त्यांना पहिली अडचण आली ती सामानाची. सुरुवातीच्या वर्षांत चिकट तांदूळ सहजीं मिळत नसे; कुलिंजन नाहीं, गवती चहा नाहीं, केळीचें पान नाहीं. मग केळीच्या पानाच्या जागीं धातूचा पातळ कागद आला. दुसरी अडचण वासाची. भाड्याच्या जागेंत, एका जिन्यावर आठ बिऱ्हाडें असतां, पादेकचें कालवण उकळूं लागलें म्हणजे शेजारीं दारें आपटूं लागत. घरांतील मुलेंहि शाळेंत डब्यावरून चिडविलीं जात. मग आई खिडक्या लावून घेई, बरणी एकावर एक तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवी, आणि ज्या वासानें घर घरासारखें वाटावयाचें त्याच वासाची लाज बाळगावयास घरांतील माणसें शिकत.

या दोन्ही अडचणी काळानें पुष्कळ कमी केल्या. आशियाई सामानाचीं दुकानें निघालीं. वाफेचें उंच भांडें आणि बांबूची टोपलीहि आज अमेरिकेच्या मोठ्या शहरांत विकत मिळते. पादेक बाटलींत भरून येतें. मग हळहळ संपावयास पाहिजे होती. ती संपली नाहीं. याचें कारण असें कीं, तिसरी अडचण दुकानांत सुटणारी नव्हती. ती घड्याळाची होती.

अशा एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. घरांत आजी, तिचा मुलगा, सून आणि शाळेंत जाणारीं दोन मुलें. मुलगा रात्रपाळीला कारखान्यांत जातो आणि सकाळीं सात वाजतां परततो. सून सहा वाजतां कामावर निघते. मुलांची मोटार साडेसातला येते. आजी मात्र जुन्या संवयीनें पहांटे चारला उठून भिजलेला तांदूळ वाफेवर ठेवते, आणि पांच माणसांचा भात करंडींत भरून झांकण लावते. सून उभ्याउभ्या एक मूठ घेऊन जाते. मुलगा येऊन एकटाच बसतो, खातो आणि झोंपतो. मुलें दूध पिऊन पळतात. दुपारीं आजी करंडी उघडून पाहते, आणि आंतल्या भाताला कोठें किती खड्डा पडला आहे यावरून कोण जेवलें आणि कोण न जेवतां गेलें हें ओळखते. दिवसभरांत सगळ्यांचे हात त्या करंडींत जाऊन येतात; पण दोन हात एका वेळीं जात नाहींत. शेजारीण विचारते, "आजी, आतां तर सगळें मिळतें ना इथें?" आजी म्हणते, "मिळतें. भात आहे, माणसें नाहींत."

त्या घरांत कोणीहि वाईट वागत नाहीं. मुलगा कष्टाळू आहे, सून मायाळू आहे, मुलें गुणी आहेत. पाळीचें काम सोडलें तर घराचें भाडें कोठून द्यावयाचें? पण वडिलांनीं पहिला घांस घ्यावयाचा ही रीत ज्या घरांत वडील झोंपलेले असतात तेथें मुलांनीं शिकावी कशी? मासळीचा कांटा काढून देणारा हात जर जेवणाच्या वेळीं यंत्रावर असेल, तर मासळी तीच असूनहि तें जेवण तें नव्हे. अन्न परदेशीं नेतां येतें, वेळ नेतां येत नाहीं. हें दुःख त्या आजीला पुस्तकावांचून समजलें आहे.

यावर लाओ लोकांनीं आपल्या परी जे उपाय केले, त्यांतील पहिला विहाराचा. पुष्कळ ठिकाणीं त्यांनीं आधीं एखादें साधें घर घेऊन त्यांत बौद्ध विहार स्थापिला. मायदेशीं पहांटे रांगेनें येणाऱ्या भिक्षूंच्या पात्रांत चिमूटचिमूट चिकट भात घालण्याची रीत आहे. बर्फाच्या मुलखांत तें रोज साधत नाहीं. म्हणून सुट्टीच्या दिवशीं सर्व कुटुंबें आपापल्या घरून पदार्थ घेऊन विहारांत जमतात. भिक्षूंचें भोजन झालें म्हणजे चटया पसरतात, आणि त्याच अन्नावर सगळी मंडळी एकत्र बसतात. आठवड्यांतून एकदां कां होईना, एका वाटींत दहा हात येतात. जीं मुलें शाळेंत करंडी नेण्यास लाजतात तींच तेथें आजीच्या मांडीला मांडी लावून बसतात, आणि न सांगतां आजीचा हात पुढें होण्याची वाट पाहतात. मिनेसोटाच्या त्या आजीसाठीं आठवडा रविवारीं सुरू होतो तो यामुळें.

दुसरा उपाय लिहून ठेवण्याचा. लाओ स्वयंपाक हातांतून हातांत जाणारा; त्याला पुस्तक नव्हतें. लुआंग प्रबांगच्या राजवाड्यांत फिया सिंग नांवाचा मुख्य आचारी होता. तो १९६७ साली वारला. पण त्यापूर्वीं त्यानें आपल्या पाककृति स्वतःच्या हातानें वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. १९७४ साली त्या वह्या युवराजानें ब्रिटिश राजदूत अॅलन डेव्हिडसन यांना दिल्या. हे गृहस्थ मासळीचे व अन्नविद्येचे मोठे अभ्यासक होते. पुढच्याच वर्षीं राज्य गेलें. १९७७ साली राजा, राणी व युवराज यांना ईशान्येकडील एका छावणींत नेण्यांत आलें, आणि तेथून ते परत आले नाहींत. वह्यांतील पाककृति मात्र देशाबाहेर पडल्या होत्या. १९८१ साली त्या मूळ लाओ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर यांसह छापून निघाल्या. जो राजवाडा आज पदार्थसंग्रहालय झाला आहे, त्याच्या चुलीवरील कालवण त्यामुळें परदेशच्या एखाद्या लहानशा स्वयंपाकघरांत आज पुन्हां शिजूं शकतें.

तिसरा उपाय लाज सोडण्याचा. ईशान्य थायलंडच्या इसान प्रांतांत लाओसांतल्यापेक्षांहि अधिक लाओ वंशाचे लोक राहतात. त्यामुळें पपईची कोशिंबीर, लाप आणि चिकट भात हीं जगांत 'थाई' नांवानेंच ओळखलीं गेलीं. परदेशांतील लाओ लोकांनीं उपाहारगृहें काढलीं तीं देखील थाई नांवाचीं. कारण लाओस कोठें आहे हें गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. सेंग लुआंगराथ ही स्त्री लहानपणीं लाओस सोडून थायलंडांतील छावणींत आली, आणि तेथें शेजारणींकडून स्वयंपाक शिकली. तिनें २०१० साली अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत एक थाई उपाहारगृह चालवावयास घेतलें. तेथें ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकालाच ती लाओ पदार्थांची वेगळी यादी दाखवीत असे. पण मागणी वाढत गेली. तेव्हां २०१४ साली तिनें वॉशिंग्टन शहरांत उघड लाओ उपाहारगृह काढलें आणि त्याला नांव दिलें 'तिप खाव', म्हणजे भाताची करंडी. पुढें व्हर्जिनियांतील त्या पहिल्या उपाहारगृहाचें नांवहि बदललें. नवें नांव काय, तर 'पादेक'! जी बरणी तीन पिशव्यांत लपवावी लागे तिचें नांव दारावरच्या पाटीवर चढलें.

या तिन्ही उपायांहून जुना असा एक उपाय लाओ परंपरेंतच आहे. लाओ लोकांची अशी श्रद्धा आहे कीं, माणसाच्या देहांत बत्तीस 'ख्वान', म्हणजे जीवाचे बत्तीस रक्षक अंश, राहतात. मनुष्य दूरच्या प्रवासास गेला, आजारी पडला, भ्याला किंवा दुःखी झाला, म्हणजे त्यांतील कांहीं वाट चुकून मागें राहतात. म्हणून जातांना, परत येतांना, लग्नांत, बाळंतपणानंतर व नववर्षीं त्यांना परत बोलावण्याचा 'बासी' नांवाचा विधि करतात. केळीच्या पानांचे सुळके व फुलें यांनीं सजविलेलें एक तबक मध्यें ठेवतात. त्यांत भात, उकडलेलीं अंडीं, केळीं असा खाऊ असतो. वडील माणूस ख्वानांना हांक मारतो, आणि मग जमलेला प्रत्येक जण त्या माणसाच्या मनगटाला पांढरें सूत बांधून आशीर्वाद देतो. राखीची ओळख असलेल्या आपल्या समाजाला त्या सुताचा अर्थ समजण्यास अडचण पडूं नये. विधि झाला कीं लगेच सर्वांचें जेवण. भटकलेला जीव घरीं यावा म्हणून त्याला अन्नाचें आमंत्रण द्यावयाचें आणि तो आला म्हणजे त्याला माणसांत बसवावयाचें, असा हा सरळ हिशोब आहे. परदेशांतील लाओ घरांतहि बासी आजपर्यंत टिकून आहे.

आज लाओस सोडणारा तरुण पूर्वींप्रमाणें रात्रीं नदी ओलांडून पळत नाहीं. तो शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं विमानानें जातो आणि रोज संध्याकाळीं फोनच्या पडद्यावर आईला पाहतो. तरी आई पहिला प्रश्न तोच विचारते, 'भात खाऊन झाला का?' तो 'झाला' म्हणतो. त्यानें एकट्यापुरता भात वाफविलेला असतो, टेबलावर बशी घेऊन चमच्यानें तो जेवलेला असतो. पडद्यावर त्याला घरचा चौरंग दिसतो, भोंवतीं माणसें दिसतात, आणि एक जागा मोकळी दिसते. वाफ दिसते, वास येत नाहीं. वाटी दिसते, हात पोंचत नाहीं. अशा वेळीं 'खित हॉत' या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं.

अन्नाची ही ओढ कोणत्याहि एका देशाची मिरास नव्हे. परंतु लाओ लोकांच्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. परदेशीं गेलेल्या माणसाला घरून पिठें, मसाले, लोणचीं पाठविणें हें चांगलेंच आहे; पण त्याला जें हवें असतें तें त्या पुडक्यांत सगळें मावत नाहीं. आणि जे घरींच आहेत त्यांच्यापुढेंहि हाच प्रश्न आहे. मिनेसोटांतील त्या घराप्रमाणें एकाच छपराखालीं राहूनहि ज्यांचे हात एका वेळीं भांड्याकडे वळत नाहींत, तीं घरें लाओसपासून आणि महाराष्ट्रापासून फार दूर शोधावयास नकोत. त्या घरांना समुद्र ओलांडावयाचा नाहीं. आठवड्यांतील एक वेळ सर्वांनीं राखून ठेवावी, वडिलांनीं पहिला घांस घ्यावा, आणि कोणी मागें राहिलें असेल तर त्याची वाट पाहावी, इतकेंच त्यांना करावयाचें आहे.

त्या आजीच्या घरीं जेवण आटोपलें म्हणजे ती करंडींत थोडा भात राहूं देते आणि झांकण लावते. उशिरा येणाऱ्याला तो ऊन मिळावा एवढ्यासाठीं.